बोटीवर घ्यायची काळजी

"आणि काकू, सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिथे सगळी दारं सारखी दिसतात," नीलम म्हणाली.

शुभदाबाईंच्या हातातली चहाची बशी ओठांपाशी थांबली.

वरच्या मजल्यावरची नीलम गेल्या दिवाळीत नवऱ्यामुलांसकट क्रूझवर जाऊन आली होती. तेव्हापासून मिरा रोडच्या बेव्हर्ली पार्कातल्या त्यांच्या सोसायटीत बोटीविषयी शेवटचा शब्द तिचा. चौबळ काका-काकू निघणार म्हटल्यावर ती सकाळीच, डोक्याला तेल थापलेल्या अवस्थेत, सल्ले घेऊन खाली आली. उलटीची गोळी बोट सुटायच्या आधी घ्यायची, सुटल्यावर घेऊन उपयोग नाही. आल्याच्या वड्या जवळ ठेवायच्या. खोलीचं कार्ड हीच किल्ली, ते गळ्यात घालायचं. जेवण हवं तेवढं हाणा, पण कोल्ड्रिंक मागवू नका, त्याचं बिल वेगळं लावतात. भोंगा वाजला तर घाबरायचं नाही, ती तालीम असते. नारिंगी जाकिटं घालून सगळ्यांनी आपापल्या नेमलेल्या जागी जमायचं, की झालं. आणि मोबाइल विसरा.

"समुद्रात रेंज कुठली? आमचे हे पहिल्याच दिवशी हरवले. मी अख्खी बोट पालथी घातली. ही लांबलचक गल्ली, दोन्ही बाजूंना दारं, एकासारखं एक. शेवटी मी आमच्या दाराला ओढणी लावली. लोखंडी दारं असतात, फ्रिजवरची लोहचुंबकं घेऊन जा, चिकटतात. तुम्ही पण काहीतरी लावा."

"लावते," शुभदाबाई म्हणाल्या.

"काका, तुम्ही पण काहीतरी विचारा ना."

गुणवंतरावांनी पेपर खाली केला, नीलमकडे बघून प्रसन्न हसले आणि म्हणाले, "साहेब सांगतायत ते बरोबरच असणार."

नीलम खदखदून हसली. काकांची सगळ्यांना साहेब म्हणायची तऱ्हा बिल्डिंगमध्ये फार लोकप्रिय होती. दूधवाला साहेब, सेक्रेटरी साहेब, नीलमची पाच वर्षांची पोरगी छोटी साहेब. काका किती मिश्कील आहेत, असं लोक म्हणायचे. शुभदाबाईही हसायच्या.

यात मिश्कील काही नव्हतं. वरळीच्या कारखान्यात गुणवंतराव स्टोअरकीपर होते तेव्हा कुठला नट कुठल्या फळीवर आहे हे डोळे मिटून सांगत आणि मॅनेजरलाही आडनावाने हाक मारत. साहेब म्हणायला लागले ते नावं सुटायला लागल्यापासून. समोरचा ओळखीचं हसला की हे "या साहेब" म्हणत, आणि तेवढ्यात शुभदाबाई पुढे होऊन नाव पुरवत, "अहो, नीलम आलीय." शुभदाबाईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौकशीच्या डेस्कवर गेली होती. समोरच्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर तयार ठेवायची सवय हाडात मुरलेली. आता घरी तीच ड्यूटी चालू होती, सुट्टी तेवढी नव्हती.

बोरिवलीच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं. ते नाव शुभदाबाईंनी घरात आणलंच नाही. वॉचमन ईश्वर दोनदा गुणवंतरावांना नाक्यावरून हाताला धरून घेऊन आला, तेव्हा "साब को टहलने का शौक है" असं त्याला सांगून झालं. बिल्डिंगमधल्या एकजात तपकिरी दारांतून आपलं दार गुणवंतरावांना सापडे ते शुभदाबाईंनी विणलेल्या लोकरीच्या तोरणामुळे. त्यावर हिरवे पोपट होते. पोपट दिसले की ते चप्पल काढत.

मुलाला यातलं काही ठाऊक नव्हतं. कौस्तुभ हा त्यांचा एकुलता एक. तो आणि त्याची बायको सुरुची पवईला राहत आणि रविवारी जेवायला येत. रविवारची तयारी शनिवारपासून सुरू होई. उद्या कोण येणार? कौस्तुभ. बायकोचं नाव? सुरुची. कुठे चाललेत दोघं? कॅनडाला. रविवारची दुपार मग निभावून जायची. मटणाचा रस्सा गुणवंतरावांना बोलू देत नसे, आणि उरलेलं शुभदाबाई बोलत.

जानेवारीत कौस्तुभ आणि सुरुची कॅनडाला जायचे होते ते कायमचे. शुभदाबाईंची भीती इथेच होती. बाबांचं कळलं तर पोरगा जाणार नाही, एवढ्या वर्षांची खटपट मातीत जाईल, सून तोंडाने नाही तरी मनातून बोल लावेल. एवढी भीती त्या स्वतःशी कबूल करत. दुसरी मात्र मनात पुरती येऊ देत नसत. कळलं आणि तरीही तो गेला तर? काही माहीत नसताना गेलेला मुलगा कितीही लांब गेला तरी आपला राहतो. सगळं माहीत असून गेलेल्या मुलाचं काय करायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यापेक्षा हे महिने लपवून काढू, विमान उडू दे, मग बघू, असं त्यांनी ठरवलं होतं.

आणि अशा वेळी पोराने क्रूझ काढली. "जायच्या आधी चौघं एकत्र राहू. गोव्याला जायचं, परत यायचं. तुम्ही आयुष्यात कुठे गेलात?" शुभदाबाईंनी गुडघा पुढे केला, बीपी पुढे केलं, समुद्राची भीती पुढे केली. शेवटची सगळ्यांना पटली. राई गावाहून मासळी घेऊन येणारी अनसूयासुद्धा टोपली उतरवताना म्हणाली, "येवऱ्या मोठ्या बोटीला काय व्हत न्हाय, बाय. तुमी नुस्त्या बसून ऱ्हा." काकू पाण्याला घाबरतात असंच सगळे समजले, आणि त्यांनी समजू दिलं. पण गुणवंतरावांनीच घात केला. कौस्तुभने विचारलं, "बाबा, यायचं ना?" आणि त्यांनी एकदम, नीट, जुन्या आवाजात सांगितलं, "जाऊ की."

निघायच्या दिवशी शुभदाबाईंनी दारावरचं तोरण उतरवलं आणि पिशवीत घातलं.

बोट बॅलार्ड पिअरला लागली होती. बोट कसली, पांढऱ्या बिल्डिंगी एकमेकींवर ठेवल्यासारखं काहीतरी होतं ते. लोक फोटो काढत होते. शुभदाबाईंना फक्त कठडे दिसले. प्रत्येक मजल्याला कठडा, आणि कठड्यापलीकडे काही नाही. गुणवंतरावांनी मात्र मान वर करून सगळं बघितलं आणि सुरुचीला म्हणाले, "माल भरपूर मावेल."

नीलम म्हणाली होती तशीच आतली गल्ली होती. लाल गालिचा, पिवळे दिवे, दोन्हीकडे दारं. कौस्तुभ-सुरुचीची खोली लागूनच होती. शुभदाबाईंनी पहिलं काम केलं ते तोरण लावायचं. लोहचुंबकं बसली, पोपट ओळीने लटकले.

"आई, हे काय?" सुरुचीने हसून विचारलं.

"शुभ असतं ग."

गुणवंतराव गल्लीत दोनदा मागेपुढे फिरून आले आणि पोपटांपाशी थांबून त्यांनी बूट काढले. शुभदाबाईंच्या छातीवरचं ओझं सकाळपासून पहिल्यांदा हललं. जमेल, त्यांना वाटलं. एवढंसं तर आहे.

सामान खोल्यांपुढे आणून टाकायचं काम चालू होतं, त्यामुळे सगळ्या गल्लीतली दारं सताड उघडी. लोक ये-जा करत होते, गुजराती, हिंदी, मराठी सगळं एकात एक मिसळलेलं, मिरा रोडचा बाजारच उचलून आणल्यासारखा. शुभदाबाई तोंडावर पाणी मारायला न्हाणीघरात गेल्या. तेवढ्यात भोंगा वाजला.

तो आवाज भिंतीतून, जमिनीतून, नळातून आला. तालीम आहे, तालीम आहे, असं म्हणत त्या तोंड न पुसताच बाहेर आल्या. खोलीत कोणी नव्हतं. पलंगावर दोन नारिंगी जाकिटं पडली होती. दोन्ही जागेवर होती, म्हणजे हे जाकीट न घालताच गेले होते.

गल्ली नारिंगी झाली होती. जो तो जाकीट घालून एकाच दिशेने चालला होता आणि पाठमोरा प्रत्येक माणूस गुणवंतराव वाटत होता. शेजारचं दार वाजवावं म्हणून त्यांचा हात वर गेला. कौस्तुभ आतच होता, त्याचा आवाज ऐकू येत होता. हात खाली आला. आधी बघून येऊ, त्यांनी ठरवलं. जिन्यापाशी असतील. जिन्यापाशी नव्हते. वरच्या मजल्यावर जेवणाच्या हॉलात नुसत्या खुर्च्या. पुढे एक जड दार होतं, ते ढकललं तर वारा अंगावर आला आणि समोर कठडा. शुभदाबाई कठड्याला धरून खाली वाकल्या. खाली खूप लांब काळपट पाणी बोटीच्या अंगाला लागून हलत होतं. पाण्यावर एक चप्पल तरंगत होती. प्लास्टिकची, बाईची. गुणवंतरावांच्या पायात तशी चप्पल कधीच नव्हती, तरी शुभदाबाई बराच वेळ तिच्याकडेच बघत राहिल्या.

"आई! इथे काय करतेस? आपली जागा पलीकडे आहे," कौस्तुभ मागून आला. "जाकीट कुठाय? बाबा कुठायत?"

"बाथरूमला गेलेत. येतायत," शुभदाबाई म्हणाल्या. उत्तर तयारच होतं.

नेमलेल्या जागी माणसं रांगेत उभी होती. पांढऱ्या कपड्यातला एक अधिकारी खोल्यांचे नंबर पुकारत होता. चौबळांच्या दोन खोल्यांचे नंबर आले. तीन हात वर झाले. अधिकाऱ्याने चार म्हटलं.

"बाथरूममध्ये आहेत," शुभदाबाईंनी परत सांगितलं.

अधिकाऱ्याने कोणाला तरी खोलीत पाठवलं. माणूस मान हलवत परत आला. रांगेतले लोक चुळबुळायला लागले. कोणीतरी म्हणालं, अरे यार, कौन है. कौस्तुभ आईकडे बघत होता. मग वरच्या कर्ण्यातून आवाज आला, मिस्टर गुणवंत चौबळ, मिस्टर गुणवंत चौबळ, कृपया आपल्या जागी या. सगळ्या बोटीवर, सगळ्या मजल्यांवर नाव घुमत होतं. परत एकदा. परत एकदा. रिकाम्या घरात फोन वाजत राहावा तसं.

शुभदाबाईंना आता ते सहन होईना.

"नावाने बोलावू नका," त्या म्हणाल्या. "त्यांना कळणार नाही कुणाला बोलावतायत ते."

"म्हणजे?" कौस्तुभने विचारलं.

त्या अधिकाऱ्याकडे वळल्या, कारण मुलाकडे बघून बोलणं शक्य नव्हतं. तोडक्यामोडक्या हिंदीत त्यांनी त्याला सगळं सांगितलं. साब को याद नहीं रहता. बीमारी है. दो साल से. नाम भी कभी कभी भूल जाते हैं. दरवाजा खुला दिखा तो किधर भी जायेंगे. पानी के पास देखिए, पहले पानी के पास देखिए. एक्स्चेंजमधला शांत आवाज होता तो. आपलाच आवाज त्यांना दुसऱ्या कोणाचा तरी वाटत होता.

कौस्तुभ रांगेतून बाहेर पडला. तो पळत सुटला.

गुणवंतराव पाण्याजवळ नव्हते. त्यांच्याच गल्लीत, जरा पुढे, भाईंदरच्या एका गुजराती कुटुंबाची खोली होती. त्यांनीही दाराला तोरण लावलं होतं, आरशांचं आणि कापडी पोपटांचं. घर सोडून राहायचं म्हणजे दाराला तोरण हवं, हे त्यांच्याकडेही तसंच होतं. घरचे सगळे तालमीला गेले होते. आजी, आनंदीबेन, गुडघ्यांमुळे तेवढी मागे राहिली होती. शुभदाबाई धापा टाकत पोचल्या तेव्हा उंबऱ्यापाशी गुणवंतरावांचे बूट एकाला एक लावून ठेवलेले होते. आत ते पलंगावर टेकून बसले होते आणि समोरच्या खुर्चीत आनंदीबेन पदर सावरून अवघडून बसल्या होत्या.

"ही बघा आलीच," गुणवंतराव म्हणाले. "शुभदा, अगं किती वेळ. पाहुण्या केव्हाच्या खोळंबल्यात. चहा टाक ना."

"मला बोलले, बसा, चहा येते," आनंदीबेन हळू आवाजात म्हणाल्या. "एवढा प्रेमाने बोलले, मी बसली. माणूस चांगला हाय. काय बोलायचा?"

दारात कौस्तुभ उभा होता. त्याने सगळं ऐकलं.

त्या दिवशी संध्याकाळी बोट सुटली. गोळ्या आधी घ्यायच्या राहिल्या आणि सुरुचीला उलट्या झाल्या. गल्लीत कौस्तुभने आईला गाठलं. "कधीपासून?"

"सांगितलं ना मघाशी."

"त्याला सांगितलंस. मला नाही."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडला नाही, आणि शुभदाबाईंची भीती उलट वाढली. दुसऱ्या दिवशी गोव्याच्या बसमध्ये, चर्चच्या पायऱ्यांवर, दुकानात, तो बापाच्या मागे एक हात अर्धा उचलून चालत होता. गुणवंतराव काजू चाखत खुशीत होते. सुरुची त्यांना पाट्या वाचून दाखवत होती. कॅनडाचं नाव कोणी काढत नव्हतं. शुभदाबाई मुलाच्या तोंडाकडे बघत होत्या. थांबतो म्हणेल का? म्हणू नये, असं त्या मनाला बजावत होत्या. आणि मन ऐकत नव्हतं. मन लाज सोडून म्हणत होतं, म्हण रे. एकदा म्हणून तर बघ, मी नाही म्हणीन. मी तुला पाठवीनच, पण तू म्हण.

परतीच्या वाटेवर दुपारी शेजारच्या खोलीतून आवाज यायला लागले. भिंती पत्र्याच्या. सुरुची रडत होती आणि कौस्तुभ म्हणत होता, "मग मी काय करू, सांग ना, मी काय करू?" शुभदाबाई उठल्या आणि न्हाणीघरातला नळ सोडून तिथेच उभ्या राहिल्या. पुढचं त्यांना ऐकायचं नव्हतं.

शेवटच्या दिवशी सकाळी बोट धक्क्याला लागली. उतरायची पाळी येईपर्यंत सगळ्यांना हॉलात बसवलं होतं. गुणवंतराव खिडकीतून क्रेन बघत होते. सुरुची सामानापाशी होती. कौस्तुभ चहाचे दोन पेले घेऊन आला आणि आईच्या शेजारी बसला.

"आई, एक सांगू?"

शुभदाबाईंनी पेला दोन्ही हातांनी धरला.

"दाराला आतून वरती एक कडी बसवून घे. बाबांचा हात सहज जाणार नाही इतकी वर. गॅसचा कॉक रोज रात्री बंद करत जा. त्यांच्या खिशात पत्ता ठेव, पण नुसता पत्ता नको, नीलमवहिनींचा नंबरही लिही. ईश्वरला खरं काय ते सांगून टाक. डॉक्टर बदलू, मी एकाचं नाव काढलंय. दिवसभराची बाई बघायला हवी, त्याचं मी बघतो." तो चहाकडे बघून भराभर बोलत होता, पाठ केल्यासारखं. "आणि मी दर रविवारी फोन करीन. न चुकता."

शुभदाबाईंना कळलं. थांबणारा माणूस कडीचं सांगत नाही, स्वतः बसवतो.

मनात काहीतरी कोसळेल असं त्यांना इतके महिने वाटत होतं. तसं काही झालं नाही. चहा गरम होता. पोराच्या कानशिलावर एक पांढरा केस आलेला त्यांना दिसला. पवईला जायच्या आधी तो नव्हता.

"आई, मी..." कौस्तुभ म्हणाला आणि अडला.

ते वाक्य त्याला पुरं करायला लावणं शुभदाबाईंना जमलं नाही. आयुष्यभर त्यांनी लोकांना अडू दिलं नव्हतं.

"कडी वरती," त्या म्हणाल्या. एक्स्चेंजमध्ये नंबर दिला की समोरच्याकडून परत म्हणवून घ्यायचा नियम होता. आता त्या स्वतःच परत म्हणत होत्या. "गॅसचा कॉक. खिशात नीलमचा नंबर. ईश्वरला सांगायचं. बाई तू बघणार. बरोबर? आणखी काय करायचं, सांग."

कौस्तुभने मान हलवली. मग तो एकदम म्हणाला, "तू वेळेवर जेवत जा."

"जेवीन."

एरवी यावर त्यांच्याकडून दुप्पट सूचना निघाल्या असत्या. तिकडच्या थंडीच्या, कानटोपीच्या, सुरुचीला बरं नसताना काय करायचं त्याच्या. आज एकही तोंडावर आली नाही. त्या चहा पीत बसल्या.

पाळी आली. बोटीतून धक्क्यावर उतरायचा जिना अरुंद आणि उताराचा होता, खाली पुन्हा तेच काळपट पाणी. मागे कौस्तुभ चौघांच्या बॅगा घेऊन उभा होता, दोन्ही हातांत आणि खांद्यावरही. शुभदाबाईंनी गुणवंतरावांचा हात हातात घेतला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत असा हात त्यांनी कधी धरला नव्हता; रस्ता ओलांडतानासुद्धा गुणवंतराव दोन पावलं पुढे असायचे.

त्यांनी हाताकडे पाहिलं, मग मागच्या रांगेकडे पाहिलं.

"अगं, लोक बघतायत," ते खालच्या आवाजात म्हणाले.

"बघू देत."

गुणवंतरावांनी मोकळ्या हाताने शर्टाची कॉलर नीट केली आणि बायकोच्या पावलाने एकेक पायरी उतरायला लागले.